मारुतीच्या गळ्यातली रुई

एका शहरात एक फुलपाखरीण राहत असे. जंगलात का नाही, असं विचारू नका. जंगल तिथून फार लांब होतं आणि तिचं जंगलावाचून काही अडतही नव्हतं. तिला लागायची फक्त रुई. रुई तुम्ही पाहिली असेलच. पडक्या भिंतीपाशी, रस्त्याच्या कडेला आपली आपण उगवते, पानं जाड आणि पांढुरकी, पान तोडलं की दुधासारखा चीक येतो आणि आई लांबूनच ओरडते, "ते हात डोळ्यांना लावू नकोस हं!" तीच ती. आता फुलपाखरीण असा शब्द नसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण जी आई होणार आहे, जिच्या जिवाला घोर लागला आहे, तिला 'ते' म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी खुशाल कान झाकून घ्यावेत.

तर मुलांनो, त्या शहरात एका वसाहतीच्या मागे बरीच मोठी जागा होती. कचेरीतल्या नकाशावर तिच्यावर लिहिलं होतं, 'रिकामी जागा'. रिकामी म्हणे! तिथे तरोटा होता, आघाडा होता, कुर्डू होता, एक वाकडी बाभूळ होती आणि एका रांगेत उभ्या असलेल्या चार रुया होत्या. नाकतोडे, सरडे, मुंग्या आणि मुंगसाचं एक अख्खं कुटुंब तिथे सुखाने नांदत होतं. कोपऱ्यात शेंदूर लावलेल्या मारुतीचं लहानसं देऊळ होतं. एवढी सगळी मंडळी राहत असताना जागा रिकामी कशी, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आपली फुलपाखरीण त्या चारांपैकी शेवटच्या रुईवर जन्मली. आधी खसखशीच्या दाण्याएवढं अंडं, मग काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी. त्या अळीने रुईची पानं अशी काही खाल्ली की विचारू नका. पोट भरल्यावर ती एका पानाखाली कानातल्या डुलासारखी लटकून राहिली, आणि एके सकाळी नारिंगी पंखांची, काळ्या काठाची होऊन बाहेर आली. पंख वाळले, तशी तिला शहर बघायची हौस आली. निघताना ती रुईभोवती एक घिरटी घालून म्हणाली, "जाऊन येते गं."

रुई काही बोलली नाही. झाडं बोलत नाहीत, ती नुसती असतात. म्हणून तर त्यांच्या भरवशावर माणूस घर सोडून जातो.

पंधरा दिवस ती शहरभर हिंडली. कुणाच्या गॅलरीतला झेंडू, कुणाच्या दारची सदाफुली, जिथे मध मिळेल तिथे तोंड गोड केलं. मग तिच्या पोटात अंडी तयार झाली आणि एकाएकी तिला झेंडू नकोसा झाला, सदाफुली नकोशी झाली. तिला माहेरची ओढ लागली. डोळे मिटले की रुईचं लव असलेलं जाड पान पायांखाली आल्यासारखं वाटायचं. पायांखाली म्हणजे काय, ते सांगायला हवं. फुलपाखरं पानाची चव पायांनी घेतात. पानावर पाय आपटून बघतात आणि पायांनाच कळतं, हे आपलं की परकं. ती भरल्या पोटाने, दमत-थांबत माघारी आली.

आणि बघते तर काय, तिथे काहीच नव्हतं. तरोटा नाही, आघाडा नाही, बाभूळ नाही. चार रुयांच्या जागी चार खड्डेसुद्धा नव्हते. सगळी जमीन सपाट करून तिच्यावर एकसारखी, बोटभर उंचीची, हिरवीगार हिरवळ पसरली होती. सतरंजी आणावी तशी ती गुंडाळ्या करून ट्रकमधून आणली होती म्हणे, आणि तीन दिवसांत अंथरली होती. मधोमध पाण्याचे फवारे उडत होते. कडेला पाटी होती, 'हिरवळीवर चालू नये'. कोपऱ्यातल्या मारुतीला मात्र कुणी हात लावला नव्हता. तेवढी भीती माणसांना असते.

फुलपाखरीण अंदाजाने शेवटच्या रुईच्या जागेवर उतरली. तिने पाय आपटून पाहिले. चव लागली नाही. थोडं पुढे सरकून पुन्हा आपटले. तिथेही नाही. एवढ्या मोठ्या हिरवळीवर तिने पाय आपटत आपटत सकाळची दुपार केली.

हे सगळं एक साळुंकी बघत होती. ती हिरवळीवर अशी ऐटीत चालत होती, जणू पाटी तिच्याकडूनच लिहून घेतली असावी. पिवळे पाय टाकायची, थांबायची, मातीतलं गांडूळ ओढून काढायची, पुन्हा पुढे.

"काय गं बाई, काही हरवलंय का?" साळुंकीने विचारलं.

"माझी रुई इथे होती," फुलपाखरीण म्हणाली.

"ती? गेली. सगळाच कचरा गेला. काय तो तरोटा आणि काय तो आघाडा! चालायला निघालं की अंगभर कुसळं. आता बघ कसं मोकळं-मोकळं झालंय. किडा कुठे, गांडूळ कुठे, सगळं लांबून दिसतं."

"मला अंडी घालायची आहेत हो."

"मग घाल की! एवढी हिरवळ पसरली आहे. पान ते पान."

"माझी लेकरं गवत खात नाहीत. रुईचंच पान लागतं त्यांना. माझ्या आईने मला तिथेच ठेवलं होतं, तिच्या आईने तिला."

"अगं बाई, केवढे हे नखरे!" साळुंकी चोच पुसत म्हणाली. "जग पुढे गेलं. तुझ्या लेकरांना सांग, जे पुढ्यात येईल ते खा आणि गप्प बसा." एवढं बोलून ती दुसरं गांडूळ शोधायला गेली.

मला या साळुंकीचा फार राग येतो. पण खरं सांगायचं तर तेव्हा तिचं पोट भरलेलं होतं, आणि भरल्या पोटी आपणही कुणाचं फारसं ऐकत नाही.

फुलपाखरीण मग दारोदार फिरली. वसाहतीत झाडं कमी नव्हती. रंगीत पानांचे क्रोटन होते, कापून चौकोनी केलेली कुंपणं होती, कुंड्यांमध्ये पाम होते. प्रत्येक पानावर ती उतरायची, पाय आपटायची आणि उठायची. कुणी तिला हाकलत नव्हतं, पण कुणी आपलंही नव्हतं. असे तीन दिवस गेले. पंखाचा एक कोपरा फाटला. फुलपाखराचं आयुष्य ते केवढं! तिला मरणाची भीती नव्हती, अंडी पोटात घेऊनच मरावं लागेल याची भीती होती. संध्याकाळी ती एखाद्या तारेवर बसायची आणि मनात म्हणायची, 'एक पान, एकच पान दे रे देवा.'

आणि चौथ्या दिवशी देवाने पान दिलं. निदान तिला तसं वाटलं.

तो शनिवार होता. हिरवळीच्या कोपऱ्यावरून उडताना तिला ओळखीचा वास आला. उग्र, थोडा कडवट, तुम्हा-आम्हाला नको वाटेल असा. ती वासामागे धावली आणि देवळात शिरली. समोर मारुती उभा होता आणि त्याच्या गळ्यात रुईच्या पानांच्या माळा होत्या! एक नाही, दोन नाही, चांगल्या नऊ-दहा. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालतात, हे तुम्हाला माहीत आहे. तिला बिचारीला कुठून माहीत असणार? ती एका पानावर उतरली, पाय आपटले, आणि पायांनी सांगितलं, 'हेच.'

तिला रडू आलं. मग ती भराभर कामाला लागली. एका पानाखाली एक अंडं, दुसऱ्या पानाखाली दुसरं. देवाच्या छातीवर, खांद्यावर, पोटावर, जिथे पान दिसेल तिथे. माणसं येत होती, तेल वाहत होती, घंटा वाजवत होती. तिचं लक्षच नव्हतं. कितीतरी दिवसांनी ती घरी आली होती.

भिंतीवर एक म्हातारा सरडा बसला होता. हिरवळीसाठी बाभूळ गेली, म्हणून तो देवाच्या आश्रयाला आला होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, "बाई, तू कडू जातीची आहेस म्हणून मी तुला खात नाही, बोलतो. हे काय चालवलं आहेस?"

"दिसत नाही का? लेकरांची सोय करते आहे. इथे रुई आहे, आजोबा!"

"ही रुई नव्हे," सरडा म्हणाला. "हिला मूळ कुठे आहे? दोऱ्यात ओवलेली पानं आहेत ही. आज हिरवी दिसतात. उद्या मलूल पडतील, परवा वाळतील. तुझी लेकरं अंड्यातून बाहेर यायच्या आत त्यांचं जेवण चुरगळून गेलेलं असेल."

फुलपाखरीण जिथल्या तिथे थांबली. तिने पानाच्या देठाकडे पाहिलं. देठ तोडलेला होता. पुढच्या पानाचा देठही तोडलेला. सगळ्यांचेच तोडलेले.

"आजोबा, मी आंधळी झाले होते हो," ती म्हणाली. "मला इतकी ओढ लागली होती की मी पान पाहिलं, झाड पाहिलंच नाही. आता सातच अंडी उरली आहेत पोटात. बाकीची सगळी मी माझ्या हातांनी उपाशी मारली."

सरडा एरवी फार फटकळ. पण त्या वेळी तो नुसता मान वर-खाली करत राहिला.

देवळाच्या पायरीशी एक म्हातारी बाई बसायची, हौसाबाई. मारुतीच्या माळा तीच ओवायची, कित्येक वर्षांपासून. पूर्वी ती देवळामागच्या त्या चार रुयांचीच पानं तोडायची. प्रत्येक झाडाची थोडी-थोडी, झाडाला कळणारही नाही अशी. आणि तिची एक रीत होती. संध्याकाळी निघताना ती देवाच्या गळ्यातल्या माळा उतरवायची आणि ज्या झाडाची पानं, त्याच झाडाच्या फांद्यांना नेऊन अडकवायची. तिच्या आईने तिला तसं शिकवलं होतं. आता चार रुया गेल्या. हौसाबाई शुक्रवारी दोन बस थांब्यांएवढं अंतर चालत नाल्यापलीकडे जायची आणि जुन्या गिरणीच्या पडक्या भिंतीमागून पानं आणायची.

उन्हं उतरायला लागली, तशी ती उठली आणि माळा उतरवू लागली. फुलपाखरीण तिच्या हाताभोवती वेड्यासारखी फिरू लागली. तेवढ्यात हिरवळ राखणारा निवृत्ती माळी तिथे आला.

"आक्का, निर्माल्य त्या कचराकुंडीत टाका," तो म्हणाला. "कचऱ्याची गाडी येईलच आता. हिरवळीवर काही पडलं तर साहेब मला धारेवर धरतात."

"देवाच्या गळ्यातलं कचऱ्याच्या गाडीत?" हौसाबाई कडाडली. "निवृत्ती, तुझ्या आईने तुला हेच शिकवलं का रे?"

"मग काय करणार? इथली रुई तर गेली."

"गेली म्हणू नको. गेली म्हणजे आपल्या पायांनी गेल्यासारखं वाटतं. उपटलीत तुम्ही." तिने माळा टोपलीत घेतल्या. "जिथली आहेत तिथं नेऊन ठेवीन. पाय अजून शाबूत आहेत माझे."

तिने टोपली उचलली तर काठावर फुलपाखरीण येऊन बसली होती. उडवलं तरी उडेना. हौसाबाई तिच्याकडे बघून हसली. "तू गं कुठं निघालीस? पंख फाटलाय की तुझा. बरं, बस. बस आणि चल. तुला बी हितनं हाकललं वाटतं?"

अशी ती दोघींची वरात निघाली. रस्ता ओलांडला, नाला ओलांडला, गिरणीची भिंत आली. भिंतीमागे कुणीच लक्ष देत नव्हतं, म्हणून तिथे सगळं उगवलं होतं, आणि त्यात सहा-सात रुया उभ्या होत्या, जांभळ्या फुलांच्या. काहींची बोंडं फुटली होती आणि आतल्या म्हाताऱ्या पांढऱ्या केसांनी वाऱ्यावर उडत होत्या. तुम्ही फुंकर मारून उडवता ना, त्याच म्हाताऱ्या.

हौसाबाईने एकेक माळ रुईच्या फांद्यांना अडकवली. वाळत चाललेली पानं ताज्या पानांना टेकली. तिला काय ठाऊक की त्या पानांखाली काय आहे! ती आपली रीत पाळत होती. फुलपाखरीण मात्र बघत राहिली. आता अळ्या बाहेर आल्या की त्यांना दोन पावलं चालायचं होतं, वाळल्या पानावरून हिरव्या पानावर, एवढंच. मग ती स्वतः एका फांदीवर उतरली आणि तिने पाय आपटले. या पानाचा देठ तोडलेला नव्हता. त्याखाली फांदी होती, फांदीखाली मूळ होतं. तिने उरलेली सात अंडी सात पानांखाली ठेवली. घाई केली नाही. सातव्या पानावर ती पंख मिटून बसली आणि पुन्हा उठली नाही. मला वाटतं, तिला उठायचंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी हौसाबाई पानं तोडायला आली, तेव्हा फांदीफांदीवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या चरत होत्या. तिने कमरेवर हात ठेवले. "अगं बया! एवढ्या?" मग तिने तीन झाडं सोडून दिली आणि बाकीच्यांची पानं घेतली. मारुतीच्या माळा त्या शनिवारी जरा आखूड झाल्या. मारुतीने काही तक्रार केली नाही.

त्या टोपलीतून की वाऱ्याने, कोण जाणे, पण रुईच्या बीची एक म्हातारी देवळापर्यंत आली आणि मारुतीच्या चौथऱ्याच्या भेगेत अडकली. हिरवळीच्या फवाऱ्याचं पाणी तिथवर उडायचं. गंमत बघा, ज्या हिरवळीने रुई घालवली तिच्याच पाण्याने रुई उगवली. उन्हाळा संपेतो ती वीतभर झाली आणि निवृत्तीच्या नजरेला पडली. लॉनखेरीज दुसरं काही दिसलं की उपट, असा त्याला हुकूम होता. त्याने खुरपं लावलं.

"हात लावून तर बघ!" पायरीवरून हौसाबाई ओरडली.

"आक्का, माझी नोकरी आहे हो."

"मग साहेबाला सांग, मारुतीची आहे म्हणावं."

निवृत्तीच्या आईनेही शनिवारी रुईच्या माळा ओवल्या होत्या, हे तो कुणाला सांगत नसे. त्याने खुरपं बाजूला ठेवलं आणि रोपाभोवती चार दगड मांडले. साहेब आले, "हे काय आहे?" म्हणाले. निवृत्ती म्हणाला, "देवाची आहे, साहेब." साहेबांनी मारुतीला हात जोडले आणि पुढे गेले. झाड वाचलं. फुलपाखराच्या नावाने वाचलं नसतं, सरड्याच्या नावाने वाचलं नसतं, हे मला अजून खुपतं. पण वाचलं.

श्रावण आला. रुई आता गुडघ्याच्या वर गेली होती. एके दिवशी उन्हात एक नारिंगी फुलपाखरू आलं, काळ्या काठाचं, कोरं करकरीत. आपल्या फुलपाखरिणीची ती पणती असेल किंवा खापरपणती. तिला ती जागा कुणी दाखवलेली नव्हती. ती रुईच्या पानावर उतरली, पाय आपटले, आणि जिथे तिच्या पणजीला तोडलेल्या पानांखेरीज काहीच सापडलं नव्हतं तिथे तिने पहिलं अंडं ठेवलं. भिंतीवरून म्हाताऱ्या सरड्याने मान वर-खाली केली.

तेवढ्यात साळुंकी आली. तीच ती, पण ऐट कुठल्या कुठे गेली होती. हिरवळीत किडे दिसतात म्हणून साहेबांनी गवतावर औषध मारून घेतलं होतं. त्यात नाकतोडे मेले, भुंगे मेले, गांडुळंही मेली. दिव्याच्या खांबातल्या भोकात साळुंकीची तीन पिल्लं चोची उघडून ओरडत होती, आणि ती सकाळपासून त्या लांबलचक हिरव्या सतरंजीवर रिकाम्या चोचीने फिरत होती.

"बाई," ती चौथऱ्याशी येऊन म्हणाली, "तुझ्या झाडावर अळ्या होतील. त्यातल्या एक-दोन मला देशील?"

"त्या कडू असतात," सरडा वरून म्हणाला. "पिल्लांच्या जिवावर बेतेल."

साळुंकी खाली मान घालून उभी राहिली. पूर्वी श्रावणात इथे गुडघाभर तरोटा माजायचा. त्याच्यावर कोवळ्या हिरव्या अळ्या असायच्या, पिल्लांना गिळायला सोप्या. एका फेरीत तिची चोच भरायची. तेव्हा तिला तो कचरा वाटत होता.

"अगं," तिने हळूच विचारलं, "तुझी रुई आली तशी... इथे तरोटा येईल का गं?"

तरुण फुलपाखरिणीने तिच्याकडे पाहिलं. तिने फार आदराने विचारलं, "तरोटा म्हणजे काय हो, मावशी?"

साळुंकीने सांगायला चोच उघडली. "त्याला पिवळी फुलं येतात. संध्याकाळ झाली की तो पानं मिटतो. आणि त्याच्या खाली सावली असते..." बोलता बोलता ती थांबली. ऐकणारीने ते कधी पाहिलेलंच नव्हतं. खांबातून पिल्लांचा आवाज येत होता. साळुंकीने एकदा त्या स्वच्छ, मोकळ्या, लांबवर पसरलेल्या हिरवळीकडे पाहिलं आणि ती पुन्हा चालू लागली.

तात्पर्य : एखादी जागा साफ करण्याआधी तिथे कोण कोण राहतं ते विचारावं. उपटलेलं झाड एखादे वेळी परत येतं. पण त्याचं नाव सांगणारं आणि ते ओळखणारं कुणी उरलं नाही, तर त्याला परत बोलावणारंही कुणी उरत नाही.